काढून टाकता येणारे शब्द

मार्च लागला की कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळायला लागतात, दुपारी धुळ्याचे रस्ते ओस पडतात, परीक्षेच्या केंद्रांबाहेर आया डबे घेऊन सावली शोधत उभ्या राहतात, आणि माझं डोकं तापायला लागतं. उन्हाने तापतं, असं घरचे समजतात. मी समजू देते.

यंदा ते तापलं एका प्रशिक्षणात. आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना धुळ्यात एका पत्र्याच्या हॉलमध्ये बसवलं होतं. कूलर होता, त्यात पाणी नव्हतं. पुढे मार्गदर्शक म्हणून आलेला एक तरुण माणूस पडद्यावर वाक्य दाखवत होता. ‘काल, समारंभात, ती सुंदर गायली’, अशा अर्थाचं साधं इंग्रजी वाक्य. त्याने एक बटण दाबलं, ‘काल’ गेलं. दुसरं दाबलं, ‘समारंभात’ गेलं. तिसऱ्याला ‘सुंदर’ गेलं. पडद्यावर उरलं, ‘ती गायली’.

“बघा, वाक्य उभंच आहे!” तो म्हणाला. “ॲडजंक्ट म्हणजे वाक्यातून काढून टाकता येणारा भाग. मुलांना एवढंच सांगा, काढून बघा. वाक्याला काही झालं नाही, तर ते ॲडजंक्ट.”

सगळ्यांनी मोबाइलवर पडद्याचे फोटो काढले. मी उभी राहिले.

“सर, ‘ती पाचोऱ्याला राहते’ यातून पाचोरा काढा. ‘ती राहते’. कुठे राहते? कशी राहते? आणि ‘तिने भांडं चुलीवर ठेवलं’ यातून इंग्रजीत चूल काढून बघा. वाक्य पडतं. कधी, कुठे, कसं सांगणारी सगळीच ॲडव्हर्बियल काढता येत नाहीत. काहींवाचून क्रियापद लंगडं होतं.”

“मॅडम,” तो हसून म्हणाला, “ते ॲडव्हान्स्ड झालं. ते परीक्षेला येत नाही.”

हॉल हसला. मी बसले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “मॅडमला सवय शे.”

खरं आहे. मला सवय आहे. या एका गोष्टीवर मी कैक वर्षं चिडलेली आहे, आणि तो राग कुठून येतो ते मला नीट ठाऊक आहे. तो सातपुड्याच्या पायथ्याहून येतो. तिथल्या एका जुनिअर कॉलेजातून, मी तिथे शिकवत होते त्या उन्हाळ्यातून.

मी मूळची जळगावची, पिंप्राळ्याची. अब्बा पिंजारी. दुकानात कापूस पिंजायचं मशीन, मागे आमचं घर. वाऱ्याने दार उघडलं की घरात कापूस उडायचा. चहाच्या कपात, केसांत, पुस्तकाच्या पानांत. अब्बांच्या छातीतही तो वर्षानुवर्षं जात राहिला. मी मराठी शाळेत शिकले, इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, आणि मला पहिली नोकरी लागली ती चोपड्याच्याही पुढे, जिथे डोंगर खिडकीतून दिसतो. शनिवारी बसने घरी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं.

त्या कॉलेजात पावरा, तडवी, भिल्ल घरांतली मुलं होती, खालच्या गावांतली अहिराणी बोलणारी मुलं होती. मास्तर प्रमाण मराठी बोलत. इंग्रजी ही तिथे बहुतेकांची तिसरी किंवा चौथी भाषा होती. याचं कौतुक कोणी केलेलं मी ऐकलं नाही. ‘यांना काही येत नाही’ हे मात्र स्टाफरूममध्ये रोज ऐकलं.

एकदा मी फळ्यावर लिहिलं, ‘फ्लॉवर्स फॉल’. फुलं पडतात. म्हटलं, आता यात भर घाला. कधी, कुठे, कशी.

सुरमी उठली. बारावीतली पावरा मुलगी, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. तिला नर्स व्हायचं होतं, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

“मॅडम, टपटपला इंग्रजीत काय म्हणतात?”

मी म्हटलं, “सॉफ्टली?”

“नाही. सॉफ्टली म्हणजे हळू. आवाज येतो त्याचा. खाली वाळलेली पानं असतात ना.”

“वन बाय वन?”

“एक-एक नाही पडत मॅडम. पडायला लागली की खूप पडतात.”

मला जमेना. शेवटी फळ्यावर रोमन अक्षरांत टपटप असंच लिहिलं, आणि वर्ग खूश झाला. मग मी त्या दिवसाचा धडा घेतला. म्हटलं, हे शब्द क्रियेच्या अंगावरचे कपडे समजू नका. क्रिया केव्हा, कुठे, कशी, कशासाठी घडली ते हेच सांगतात. आणि यांची जागा पक्की नसते. शेवटी बसतात, मधे बसतात, आणि ज्यावर तुम्हाला भर द्यायचाय ते वाक्याच्या अगदी पुढे येऊन बसलं तरी चालतं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, बठ्ठं काढी टाकं ते मंग काय ऱ्हायनं?”

सगळं काढून टाकलं तर काय उरलं? मी म्हटलं, “फुलं पडतात, एवढं उरतं.”

“मंग ते कोनलेबी माहीत शे.”

ते तर कोणालाही माहीत आहे! वर्गात हशा झाला. मीही हसले. व्याकरणाच्या तासाला मी इतकी आनंदात त्यानंतर क्वचितच असेन.

त्या वर्षी मोह लवकर गळायला लागला. पळस पेटलेला, नदी कोरडी, खाली केळीच्या बागांना गरम वाऱ्यापासून वाचवायला शेतकऱ्यांनी कडेने जुन्या साड्या बांधलेल्या. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराचे ढोल आत्तापासूनच कुठे कुठे वाजवून बघत होते. आणि वरच्या पाड्यांतली मुलं वर्गात पेंगायला लागली. मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात, किंवा दुसरा कोणी नेतो. घरातलं प्रत्येक माणूस टोपली घेऊन झाडाखाली जातं. सुरमी पहाटे फुलं वेचायची, घरी टोपली टाकायची, डोंगर उतरायची, जीपला लटकून कॉलेजात यायची. तिच्या हातांना त्या फुलांचा गोड, दाट, किंचित आंबूस वास यायचा. हात धुतले तरी जात नसे. काही मुली तिच्यापासून सरकून बसत.

त्यातच तोंडी परीक्षा आली. बाहेरून एक परीक्षक आले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलताना समोरच्याकडे न बघण्याची सवय. त्यांना आल्याआल्या कैरीचं पन्हं दिलं होतं, दुपारच्या जेवणाला काय आहे हेही सांगून झालं होतं. त्यांच्या शेजारी मी बसले. गुणांच्या तक्त्यावर दोघांच्या सह्या लागणार होत्या.

सुरमी आत आली. परीक्षकांनी विचारलं, सकाळी काय करतेस, इंग्रजीत सांग.

ती सरळ उभी राहिली. हात मागे. आणि म्हणाली, “बिफोर सनराइज, अंडर द महुआ ट्री, विथ माय मदर अँड माय स्मॉल सिस्टर, आय पिक फ्लॉवर्स.”

उजाडायच्या आत, मोहाच्या झाडाखाली, आई आणि धाकट्या बहिणीसोबत, मी फुलं वेचते. एकही चूक नव्हती. पाठ केलेलं नव्हतं, गाइडमधलं नव्हतं. तिने आपल्या सकाळचं वाक्य स्वतः बांधलं होतं. मला टाळी वाजवावीशी वाटली.

परीक्षक हसायला लागले.

“अगं, कर्ता कुठंय? कर्ता शेवटी? तुमच्याकडे गाडी उलटी चालते का?” मग बोटांवर मोजत त्यांनी घोकलं, “आधी कर्ता, मग क्रियापद. मग रीत, मग स्थळ, मग काळ. हा क्रम आहे. शिकवला नाही कोणी?”

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसातलं ते पहिलं बघणं.

मग त्यांनी नाकाला रुमाल लावला. “आणि वास कसला येतोय? फुलं वेचते म्हणे! दारूचीच ना? परीक्षेला तरी पिऊन यायचं नाही.”

दारात पुढची मुलं रांगेत उभी होती. त्यांनी ऐकलं. दोघं-तिघं हसलीही. सुरमी हसली नाही, रडली नाही. तिने हात मागून पुढे घेतले आणि त्यांच्याकडे एकदा बघितलं, मळलेत का ते पाहावं तसं. मग ती निघून गेली. परीक्षकांनी तिच्या नावापुढे इतके कमी गुण लिहिले की तेवढे गप्प उभ्या राहिलेल्या मुलालाही मिळाले होते.

मी म्हटलं, “सर, तिचं वाक्य बरोबर आहे. काळ, स्थळ वाक्याच्या सुरुवातीला येऊ शकतं. कुठलंही चांगलं व्याकरण उघडून बघा.”

“मॅडम, तुम्ही नवीन आहात.”

“नवीन असले तरी वाक्य बरोबरच आहे. आणि ती प्यायलेली नाही. मोह वेचून आलीय. तिची माफी मागा.”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू टेबलच बोलायला लागलंय.

मी तक्त्यावर सही केली नाही. ग्रंथालयातून व्याकरणाचा जाडा ग्रंथ आणला, पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याच्यावर पन्ह्याचा ग्लास ठेवला. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. ग्लासचा गोल डाग त्या पानावर उठलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला, आणि तेव्हा माझा आवाज चढला. तो इतका चढला की शेजारच्या वर्गातला तास थांबला.

थोड्या वेळाने शिपाई आला. आम्ही त्याला नाना म्हणायचो. तो दारातूनच म्हणाला, “मॅडम, प्राचार्य सर बलाई ऱ्हायनात. रागमा शेतस.”

प्राचार्य रागात नव्हते. थकलेले होते. स्वभावाने सज्जन माणूस, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. दुष्ट माणसाशी भांडता येतं. सज्जन माणूस पाण्याचा ग्लास पुढे करतो आणि म्हणतो, ‘बसा, शांत व्हा, आपण मार्ग काढू.’

त्यांनी मार्ग काढला. मुलीला पुन्हा बोलवायचं. तिने तेच वाक्य सरळ क्रमाने म्हणायचं. मी फुलं वेचते, झाडाखाली, सकाळी. मोहाचं नाव घ्यायचं नाही. परीक्षक गुण वाढवतील. विषय संपला.

“आणि माफी?” मी विचारलं.

“मॅडम, तिला गुण हवेत की माफी? नर्सिंगला जायचंय ना तिला?”

तोवर सुरमीला बोलावून घेतलं होतं. ती प्राचार्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. एका बाजूला परीक्षक, एका बाजूला मी. प्राचार्यांनी गोड आवाजात समजावलं, “बेटा, वाक्य फक्त सरळ करून म्हण. ‘आय पिक फ्लॉवर्स’ इथून सुरू कर.”

सुरमीने नकारार्थी मान हलवली.

“येत नाही का?”

“येतं सर.”

“मग म्हण.”

“सर, तसं होत नाही.”

“काय होत नाही?”

ती मराठीत बोलली. हळू, एकेक शब्द ठेवत. “आधी अंधार असतो. आम्ही अंधारात निघतो. मग झाड येतं. मग आई खालची पानं बाजूला करते, बहीण टोपली धरते. मी मग वेचायला बसते. मी शेवटीच येते सर. मी पहिली कशी येणार?”

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि पुन्हा ठेवला. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसत होतं. आणि कळूनही ते म्हणाले, “ठीक आहे. सर, जेमतेम चालतील एवढे करून टाका.”

जेमतेम! त्यांनी केले. उपकार केल्यासारखा आकडा खोडून दुसरा लिहिला. बाकीच्या मुलांचा निकाल माझ्यामुळे अडायला नको, म्हणून मी पेन घेतलं, सही केली, आणि सहीखाली इंग्रजीत दोन शब्द लिहिले. ‘अंडर प्रोटेस्ट’. निषेध नोंदवून.

प्राचार्यांनी तक्ता हातात घेतला, वाचला, माझ्यापुढे परत सरकवला.

“मॅडम, खालचे दोन शब्द काढून टाका. सही पुरेशी आहे.”

“नाही काढणार.”

“अहो, त्याने काय फरक पडतो? सही तर तुमचीच राहते ना?”

फरक पडतो. म्हणून तर काढायचे असतात. मी तशीच उठून गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की नवा तक्ता तयार झालाय आणि त्यावर दुसऱ्या एका सरांनी सही केलीय. त्या सरांनी सुरमीचं वाक्य ऐकलेलंसुद्धा नव्हतं. कागद स्वच्छ होता. परीक्षा शांततेत पार पडली, असं वर कळवलं गेलं.

शनिवारी मी पिंप्राळ्याला आले तेव्हा अब्बा मशीनसमोर बसले होते, भुवयांवर कापूस. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “कोणावर ओरडून आलीस?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं. पट्टा थांबू दिला. मग म्हणाले, “पोरगी काय म्हणाली, ते पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.

“आणि त्या मास्तरने माफी नाही मागितली?”

“नाही.”

“मग अजून ओरडायला हवं होतंस,” ते म्हणाले, आणि खोकत खोकत त्यांनी मशीन सुरू केलं.

पुढच्या जूनमध्ये त्या कॉलेजात माझ्या जागी दुसऱ्या मॅडम आल्या. मला कारण सांगितलं नाही. ‘आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे’, एवढंच. कोणी समाप्त केली, कशामुळे, ते त्या वाक्यात नव्हतं. व्याकरणाने वाक्य अगदी पूर्ण होतं.

तेव्हापासून मला अशी पूर्ण वाक्यं दिसत राहतात, आणि दिसली की अंगाचा भडका उडतो. लग्न होऊन गेलेली पोर वर्षाच्या आत जाते, आणि बायका म्हणतात, ‘वारली’. कशी वारली? कुठे? माहेरी की सासरी? घरात तेव्हा कोण होतं? विचारलं की सगळ्या पदर सावरत दुसरीकडे बघतात. मजूर ‘पडला’. कुठून पडला, कोणी चढवलं होतं, दोरी कोणाची होती? पाड्यावरची मुलगी ‘शाळेतून गेली’. कोणत्या दिवशी गेली, कोणाचं काय ऐकून गेली? आपल्याकडे माणसं मारायला शस्त्र लागत नाही. कधी, कुठे, कसं, कशामुळे, एवढं काढून घेतलं की काम होतं. वाक्य उभं राहतं, बघणारे मान डोलावतात, आणि जबाबदार माणूस पन्ह्याचा ग्लास रिकामा करून जेवायला जातो. पडद्यासमोर बटण दाबणाऱ्या त्या तरुणाला हे कोणी सांगितलं नसेल. त्याच्यावर मी ओरडले असते तर त्याला वाटलं असतं, बाई व्याकरणासाठी भांडतेय.

सुरमी पास झाली. पहिल्या वर्षी तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला नाही. थोडक्यात हुकला. किती थोडक्यात, ते ती फोनवर सांगत होती आणि मला तोंडी परीक्षेच्या तक्त्यावरचा तो जेमतेम आकडा दिसत होता. पुढच्या वर्षी तिने पुन्हा प्रयत्न केला, मिळाला. शिकली, धुळ्यात नोकरीला लागली. मलाही पुढे धुळ्यातच शाळा मिळाली. अब्बांना मी माझ्याकडे आणलं. कापसाने त्यांची छाती आता पुरती धरलीय. चार पावलं चालले तरी धाप लागते.

परवा दुपारी त्यांचा दमा फारच उसळला. मी त्यांना सुरमी ज्या दवाखान्यात आहे तिथेच नेलं. ती तिथल्या वॉर्डची मुख्य सिस्टर आहे. तिची ड्युटी सुरू व्हायची होती. एका शिकाऊ डॉक्टरने अब्बांना बघितलं, तोंडाला वाफेचा मास्क लावला, इंजेक्शन दिलं, कागदावर काही खरडलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. मी औषधं आणायला खाली गेले.

वर येताना जिन्यातच मला आवाज ऐकू आला. मोठा, खणखणीत. वॉर्डातले सगळे नातेवाईक माना वळवून बघत होते. सुरमी अब्बांच्या खाटेशी उभी होती, कागद हातात, आणि तो शिकाऊ डॉक्टर तिच्यासमोर.

“‘इंजेक्शन दिलं’ म्हणजे काय? कधी दिलं?”

“मघाशी, सिस्टर.”

“मघाशी म्हणजे किती वाजता? कोणत्या हाताला? किती दिलं? हे म्हातारे दम्याचे आहेत. तुम्ही आता जेवायला जाल, दुसरा येईल, त्याला वाटेल दिलंच नाही, तो पुन्हा देईल. मग?”

“सिस्टर, लिहिलंय ना, गिव्हन म्हणून. तेवढं पुरे असतं.”

“कोणी सांगितलं तुम्हाला पुरे असतं?”

तो गोरामोरा झाला. त्याने इकडेतिकडे बघितलं, कोणी मोठा डॉक्टर वाचवायला येतोय का म्हणून. तिने पेन त्याच्या हातात ठेवलं आणि कागद खाटेच्या कडेवर पसरून धरला. मास्कमागून अब्बा तिच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी तिला याआधी कधीच पाहिलं नव्हतं. मला दारात बघून त्यांनी एक बोट उचललं आणि तिच्या दिशेने केलं. हीच का, असं विचारत होते.

मी मान हलवली. अब्बांचे डोळे हसले.

औषधांची पिशवी घेऊन मी दारातच थांबले. सुरमीची पाठ माझ्याकडे होती. मी तिला हाक मारली नाही. तिचं ओरडणं अजून संपलं नव्हतं.